सांगलीतली नवी ब्रुअरी: हळद, बेदाणा आणि एक साधी लागर

दूधवाला

मिरज रस्त्याला, विश्रामबागच्या पुढं मायक्रोब्रुअरी सुरू झालीय हे एव्हाना सांगलीकरांना कळलंच असेल. नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर जाहिरात म्हणून धागा उडायचा. कुणालाही विचारा, हात करून दाखवतील. पुण्यात २००९ साली डूलालीनं सुरुवात केली, मग तिथं एकेक करत रांग लागली. आपल्याकडं यायला एवढी वर्षं गेली.

मी पेशानं दूधवाला, म्हणजे डेअरीच्या प्लांटवर. टँकर आला की झाकण उघडून आधी नाक घालायचं, बाकीच्या चाचण्या नंतर. तेव्हा खालचं सगळं एका नाकवाल्यानं लिहिलंय असं समजून वाचा.

आधी जागा. बसायला ऐसपैस, काचेपलीकडं टाक्या. टाक्या कुपवाड एमआयडीसीतल्या फॅब्रिकेटरनं केल्यात, आणि वेल्डिंग बघून जीव सुखावला. हा माणूस दुधाच्या टाक्या करत आलाय, त्यामुळं आतून पॉलिश, कोपऱ्यांना गोलाई, कपारी नाहीत. दूध असो की बियर, जंतू कपारीतच घर करतो. चिलरचं काम बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवाल्या मेकॅनिकनं केलंय. म्हणजे ब्रुअरी उभी करायला लागणारी निम्मी अक्कल या जिल्ह्यात आधीपासूनच होती, फक्त वेगवेगळ्या शेडमध्ये कामाला होती.

आता बियर. छोट्या ग्लासांचा ट्रे मागवला आणि फिकटाकडून गडदाकडं गेलो. सोबत भडंग आलं होतं ते बाजूला सारलं. सांगलीकर असून हे लिहितोय, पण लसूण-तिखटाच्या भडंगावर कुठलीही बियर गोडच लागते. साधा पाव आणि पाणी घ्या.

हेफेवायझन. गव्हाची. नाक जवळ नेताच पिकलं केळं, पाठोपाठ लवंग. यात केळं नाही आणि लवंगही नाही, दोन्ही यीस्टची करामत. हे यीस्ट आयसोअमाइल अॅसिटेट तयार करतं, तेच पिकल्या केळ्यातही असतं. लवंगेचा वास वेगळ्याच रसायनाचा, ते फेनॉल. आंबवण गरम चाललं की केळं डोक्यावर बसतं, थंड ठेवलं की लवंग पुढं येते. इथं दोघांची जोडी जमलीय. फेस दाट, शेवटच्या घोटापर्यंत टिकलेला. गढूळ दिसते म्हणून शेजारच्या टेबलानं परत पाठवली, ते बघून वाईट वाटलं. ती गढूळच असते हो.

लागर, म्हणजे थंडीत सावकाश आंबवलेली साधी बियर. मेनूत सगळ्यात खाली, कुणी मागवत नाही अशी. माझ्या मते ब्रुअरी बघायची ती हिच्यावर. यात लपायला जागा नसते. भरपूर हॉप्स (बियरला कडवटपणा आणि सुगंध देणारी फुलं) नाहीत, करपवलेलं माल्ट (मोड आणून वाळवलेला जव) नाही, फळ नाही, मसाला नाही. जी काही चूक झाली असेल ती उघडी पडते. आणि इथं ती पडलीय: लोणी. पहिल्या वासालाच. हा डायअॅसिटिल. आम्ही लोण्याला वास यावा म्हणून विरजणात मुद्दाम असे जिवाणू घालतो, तोच हा पदार्थ. दशलक्षात ०.१ भाग असला तरी साधारण नाकाला कळतो. यीस्ट हा आंबवताना सोडतं आणि सवड दिली की परत खाऊन टाकतं. लागर १०-१२ अंशांवर आंबते. शेवटी दोन-तीन दिवस १६-१८ अंशांपर्यंत चढवून यीस्टला ती सवड द्यायची आणि मगच थंड करायची. इथं घाई झाली असावी. उद्घाटनाची तारीख आणि लागरची तारीख कधी जुळत नाही. एल, म्हणजे जरा उबेत लवकर आंबणारी बियर, दोन-तीन आठवड्यांत ग्लासात येते, लागरला टाकी महिना-दीड महिना अडते, आणि भाडं तर पहिल्या दिवसापासून सुरू.

आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल, हॉप्सवाली कडवट. कडवटपणा नेमका, पण सुगंध बसका. हॉप्सच्या गोळ्या व्हॅक्यूम पाकिटात, थंडीत ठेवाव्या लागतात. शिळ्या झाल्या की चीजसारखा वास मारतात. इथं तेवढं झालेलं नाही, पण त्या रस्त्याला लागल्यात.

हळदीची ब्लाँड, म्हणजे फिकी सोनेरी एल. रंग झकास, फोटो झकास. चवीला हळदीचं पाणी आणि मागं कुठंतरी बियर. सगळ्यात जास्त खपते, हे वेटरनं अभिमानानं सांगितलं.

बेदाण्याची डार्क एल. कल्पना आवडली. माल्टमध्ये सुकामेव्याची छटा असतेच, तिला तासगावच्या बेदाण्याची जोड. चव खरंच चांगली, पण फेस शून्य. ओतताना वर येतो, टेबलापर्यंत पोचेस्तोवर मोडतो. ग्लास दुसरा मागितला, धुऊन मागितला, तरी तेच. कारण कळलं नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा.

स्पर्धांमध्ये बीजेसीपी या बियर-परीक्षकांच्या संस्थेची ५० गुणांची पट्टी असते: वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते त्याला ५ आणि एकूण परिणामाला १०. त्या पट्टीवर माझे गुण: हेफेवायझन ३९, बेदाणा ३१, आयपीए २९, लागर २४, हळद १९. भांडायला या.

---

वाळव्याचा_वारू

सगळं वाचलं. कडक कुठंय त्यात? पाच टक्के अल्कोहोलनं काय हुतंय राव. दोन ग्लास मारले आणि गाडीवर बसून इस्लामपूरला गेलो, काय बी फरक न्हाई.

---

दूधवाला

वारूभाऊ, फरक पडत नाही हे तुम्हाला वाटतं. हायवेच्या यंत्राला १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम पुरतं. दोन ग्लासांनंतर बस पकडा.

पाच टक्क्यांचं म्हणाल तर ती कायद्याची रेघ आहे, त्याच्या वर गेलं की बियर स्ट्राँगमध्ये जाते. आपल्याकडं खप स्ट्राँगचाच. पण स्ट्राँग करायची स्वस्त वाट म्हणजे साखर ओतणं. साखर सगळी आंबून जाते, मागं अंग उरत नाही, फक्त घशाला चटका. इथल्या ब्लाँडची घनता सुरुवातीला १.०४८ आणि शेवटी १.०१० लिहिलीय, फळ्यावर खडूनं. वजाबाकी करून १३१ नं गुणा, पाच टक्के येतात. फळ्यावर हे लिहिणारा माणूस मला आवडला.

---

अजिंक्यताऱ्यावरून

छान धागा. पण सांगलीत लागर करायला जाणं हेच मुळात उलटं. लागर करायची तर साताऱ्यात. कासचं पाणी! पावसाचं, जांभ्यावरून आलेलं, मऊ. साबण हाताचा सुटता सुटत नाही. १८४२ साली पिल्झन गावात सोनेरी लागर जन्मली ती तिथलं पाणी मऊ होतं म्हणूनच. तुमचं पाणी बोअरचं असेल तर किटलीत खडू, नळाचं असेल तर क्लोरीन.

आणि नळाचं पाणी तरी कुठलं? कृष्णेचं. ती आमच्या माहुलीवरून वेण्णेला घेऊनच तुमच्याकडं येते. आमचं वापरलेलं पाणी आहे ते.

---

दूधवाला

हे येणार हे माहीत होतं. कंदी पेढा खा आणि शांत व्हा.

पाण्याचा मुद्दा मात्र बरोबर आहे, थोडा जुना आहे इतकंच. पिल्झनला मऊ पाणी म्हणून फिकी लागर, बर्टनला जिप्समचं पाणी म्हणून कडवट पेल एल, डब्लिनला बायकार्बोनेटचं पाणी म्हणून काळी स्टाउट, हे त्या काळात खरं होतं, कारण पाणी बदलता येत नव्हतं. आता आरओतून कोरं करून घ्यायचं आणि बियरप्रमाणं जिप्सम, कॅल्शियम क्लोराईड मोजून घालायचं. इथं तेच करतात. मीठ जरा जास्त किंवा कमी पडलं तर बियर बेचव होईल, पण लोण्याचा वास पाण्यातून येत नाही.

क्लोरीन खरी काळजीची गोष्ट. पावसाळ्यात नदी गढूळ झाली की शुद्धीकरण केंद्रात डोस वाढतो, आणि क्लोरीन माल्टमधल्या फेनॉलला भेटला की बियरला डेटॉलचा वास येतो. डेटॉलमधलं औषध त्याच जातीचं रसायन आहे. कार्बन फिल्टर लागतो, नाहीतर चिमूटभर पोटॅशियम मेटाबायसल्फाईट. द्राक्षवाल्यांना ओळखीचंच, एक्स्पोर्टच्या पेटीत घालतात त्या ग्रेप गार्डच्या कागदात त्याचाच सोडियमवाला भाऊ असतो.

---

जुनाजाणता

बियरच्या कौतुकाचे धागे बघून गंमत वाटते. आमच्या बाजूच्या गावात बायकांनी मतदान घेऊन बाटली आडवी केली, तेव्हा यातलं कोणी नव्हतं. तिथं प्यायची होती ती देशी, इथं प्यायचं ते क्राफ्ट. काचेपलीकडून बघितलं की दारू कला होते का?

---

मनीमाऊ

जुनाजाणता काका, तुमचा राग समजतो. माझ्या माहेरच्या गावातही बाटली आडवी झाली आणि मी तेव्हा आईबरोबर रांगेत होते. त्या दुकानात जाणारा माणूस चव घेत नव्हता. इथं एका ग्लासात दोन तास बसलेली माणसं मी बघितली. दोन्ही दारूच, मान्य. पण दोन्हीकडं एकच गोष्ट चालते असं मला म्हणवत नाही.

मी नवरा आणि सासूबाईंबरोबर गेले होते. सासूबाई लिंबू सरबत पीत होत्या आणि हेफेवायझनचा वास घेऊन म्हणाल्या, शिकरण आहे का. दूधवाला यांच्या ३९ गुणांना त्यांचं अनुमोदन धरा.

एक प्रश्न. तिथं पाटीवर "लवकरच: शाळूची बियर" असं लिहिलंय. माझ्या भाचीला सीलिअॅक आहे, गहू-जव चालत नाही. मोठी झाल्यावर तिला ही चालेल का? २१ व्हायला अजून वेळ आहे, पण विचारून ठेवते.

---

दूधवाला

मनीमाऊताई, नुसत्या ज्वारीची असेल तर ग्लूटेन, म्हणजे गहू-जवातलं ते बाधणारं प्रथिन, नसतं. पण इथं शाळूबरोबर जवाचं माल्ट घालणार आहेत असं ऐकलं, तशी असेल तर अजिबात नाही. आणि पूर्ण ज्वारीची असली तरी त्याच दळणीत, त्याच टाकीत जव होऊन गेलेला असतो. ज्याला खरोखरचा त्रास आहे त्यानं अशा ठिकाणी जोखीम घेऊ नये.

जव का घालावा लागतो, तेही सांगतो. बियर करायची म्हणजे धान्यातल्या पिठुळाची साखर करायची. जव भिजवून मोड आणून वाळवला की त्यात हे काम करणारी एन्झाइम तयार होतात, आणि ६२ ते ६८ अंशांच्या पाण्यात तासाभरात काम उरकतात. ज्वारीचं पिठुळ त्या तापमानाला नीट फुलतच नाही, तिला आधी वेगळं शिजवून घ्यावं लागतं, कण्यांसारखं. शिवाय ज्वारीला जवासारखं टरफल नाही. जवाचं टरफलच गाळणीचं काम करतं. ते नसलं की खाली लापशी बसते आणि रस उतरत नाही. भाताचं तूस मिसळून वाट काढतात. म्हणजे शाळूची बियर पाटीवर लिहायला सोपी, करायला जड. जमली तर मी सगळ्यात आधी रांगेत. माण-जतच्या ज्वारीला भाव मिळाला तर कुणाला नको आहे.

---

तासगावची_बाग

बेदाण्याच्या बियरचा फेस का मोडतो ते मी सांगतो. ब्रुअरीत कधी पाऊल टाकलेलं नाही, पण बेदाणा करण्यात हयात गेली.

द्राक्ष वाळवायच्या आधी आम्ही ते बुडवून काढतो. लिटरला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइल. मण्यावर मेणाचा थर असतो, तो मोकळा झाल्याशिवाय आतलं पाणी बाहेर पडत नाही. बुडवलं नाही तर रॅकवर महिनाभर वाळत बसेल, रंगही काळपटेल. हे डिपिंग ऑइल म्हणजे इथाइल ओलिएट. तेलच ते. थोडं मण्यावर राहतंच. शिवाय पिवळ्याधमक मालाला गंधकाची धुरी दिलेली असते.

आता तुम्ही बियरवाले सांगा, तेलानं फेस राहतो का? आमच्या घरात तर ताकावर तूप पडलं तरी फेस बसतो.

---

दूधवाला

बागवाले मालक, साष्टांग दंडवत! हेच असणार.

बियरचा फेस उभा राहतो तो जवातल्या प्रथिनांवर आणि हॉप्सच्या कडू अंशावर. त्यांच्या पडद्यात तेलाचा कण शिरला की पडदा फाटतो. म्हणून तर ग्लास खरकट्या भांड्यांबरोबर धुवायचा नसतो, आणि लिपस्टिक लागलेल्या कडेशी फेस आधी मरतो. मी ग्लासावर संशय घेत बसलो आणि तेल आतच होतं. गंधकाचा मुद्दाही मोलाचा, जास्त असेल तर यीस्ट दबकत काम करतं.

उपाय काय? गरम पाण्यानं धुऊन घेतला तर?

---

तासगावची_बाग

दोन पाण्यांनं धुतला तर बरंच जाईल. सगळं नाही. खरं सांगायचं तर तुम्हाला काळपट रंग चालतोय ना? बियर काळीच आहे. मग पिवळाधमक, एक्स्पोर्टचा माल कशाला घेताय? ऑइल न वापरता, धुरी न देता, सावलीत हळू वाळवलेला घ्या. बाजारात त्याला कोणी विचारत नाही, घरापुरता करतो आम्ही. सांगून ठेवलं तर कोणीही करून देईल. मार्चमध्ये बोला, मे-जूनमध्ये मागितला तर नाही मिळायचा.

---

पेवाचा_पहारेकरी

हरिपूरचा आहे, हळदीवर बोलल्याशिवाय राहवत नाही. आमच्याकडची हळद जमिनीखालच्या पेवात राहायची, २००५ च्या पुरानं त्यातली किती पेवं खाल्ली ते आम्हाला विचारा.

हळदीचा रंग म्हणजे कुरकुमीन, आणि ते पाण्यात विरघळत नाही. पाच टक्के दारूतही फारसं नाही. म्हणजे तुमच्या ग्लासात जी पिवळी दिसते ती विरघळलेली नाही, तरंगणारी पूड आहे. टाकी दोन दिवस शांत ठेवली की पहिला ग्लास फिका आणि शेवटचा चिखल. १९ गुण मिळाले त्यातला हा भाग असणार. नशीब लागतं, कोणता ग्लास तुमच्या वाट्याला येतो.

आणि टाकी धुताना कॉस्टिक सोडा फिरवतात ना? तिथं काय रंग येतो, विचारा जरा त्यांना.

---

वाळव्याचा_वारू

काय येतो?

---

पेवाचा_पहारेकरी

लाल. हळद आणि क्षार एकत्र आले की लालच. आपली आजी हळकुंडाला चुना-टाकणखार लावून कुंकू करायची ते काय जादूनं?

---

काचेपलीकडचा

नमस्कार. मी तिथं बियर करतो. धागा कोणीतरी मालकांना पाठवला, मालकांनी मला. नवीन सभासद आहे, चुकलं तर सांभाळून घ्या.

एकेक घेतो.

लाल रंग: हो. पहिल्यांदा धुण्याचं पाणी लाल आलं तेव्हा पोऱ्या घाबरून मला बोलवायला आला, त्याला वाटलं कुणाचा तरी हात कापला. आता हळदीला एक टाकी कायमची दिलीय, कारण रबरी गॅस्केट पिवळी पडतात आणि वासही धरून ठेवतात. त्या टाकीत दुसरं काही करत नाही.

लोणी: नमुना बंद बाटलीत भरून ६० अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवायचा, मग गार करून वास घ्यायचा. लोणी आलं तर टाकी थांबवायची. ही चाचणी आता प्रत्येक लागरला होते. सध्या टाकीत असलेली पुढची लागर तिच्यात पास झालीय. दूधवाला साहेबांनी येऊन नाक घालावं.

हॉप्स: फ्रीजर आलाय.

बेदाणा: बागवाल्या मालकांचा प्रतिसाद प्रिंट काढून भिंतीला लावलाय. व्यक्तिगत निरोप पाठवतो.

हळदीच्या बियरबद्दल मात्र माझं वेगळं म्हणणं आहे. तुम्ही लोक चवीनं बोलता, मला महिन्याची बेरीज जुळवायची असते. सांगलीत क्राफ्ट बियर म्हणजे काय हे माहीत नसलेला माणूस दारातून आत येतो ते हळद वाचून. फोटो काढतो, मित्राला पाठवतो, मित्र येतो. त्यातला दहावा माणूस दुसरा ग्लास हेफेवायझनचा मागतो. लागर बघायला कोणी आत येत नाही. हळद काढली तर लागरला महिनाभर टाकी अडवायची चैन मला कोण देणार?

---

दूधवाला

काचेपलीकडचे साहेब, आलात हे उत्तम केलंत. आणि एवढं सरळ लिहिलंत म्हणून मीही सरळ लिहितो.

हळद भाडं भरते, मान्य. पण तिला मेनूत पहिल्या नंबरावर आणि पाटीवर मोठ्या अक्षरात ठेवलंत की ओळखच ती होते. "हळदीच्या बियरवाले" एकदा झालात की सुटका नाही. उद्या कोल्हापुरात कोणी गुळाची काढेल, साताऱ्यात स्ट्रॉबेरीची काढतील, तुमचं वेगळेपण संपलं. आमच्या धंद्यात केशर-पिस्त्याचं श्रीखंड सगळेच करतात. ज्याचा साधा चक्का चांगला त्याचंच वर्षानुवर्षं खपतं. सांगलीचं वैशिष्ट्य तुमच्या ग्लासात हळद टाकून येत नाही. ते तुमच्या टाकीच्या वेल्डिंगमध्ये आणि कोल्ड स्टोरेजच्या मेकॅनिकमध्ये आधीच आलंय. तापमान अर्धा अंश हलू न देणारी माणसं या गावात आहेत. अशा गावानं लागर चुकवू नये, एवढंच माझं भांडण.

माझी सूचना: ट्रेमध्ये लागरचा ग्लास पहिला ठेवा, न मागता. हळद शेवटी.

---

काचेपलीकडचा

ट्रेचं करून बघतो. मालकांशी बोलावं लागेल.

---

अजिंक्यताऱ्यावरून

स्ट्रॉबेरी महाबळेश्वरची आहे, साताऱ्याची म्हणून खपवू नका. आणि आम्ही आल्याची काढू, सातारी आलं जगात भारी. बाकी दूधवाल्यांशी सहमत. कास मात्र कासच.

---

वाळव्याचा_वारू

मी परवा जाऊन आलो (बसनं!). लागर मागितली तर वेटर म्हणतो साहेब हळदीची घ्या, स्पेशल आहे. मी म्हणलं लागरच दे. लोणी काय लागलं न्हाई बगा मला. नवीन टाकीतली हुती का माझं नाक गेलंय?

---

काचेपलीकडचा

नवीन टाकीतली. सोमवारी जोडली.

---

मनीमाऊ

वारूभाऊ बसनं गेले, या धाग्याचं सार्थक झालं. :)

काचेपलीकडचे, एक बारीकसं सांगू का? ग्लास फार थंड देता तुम्ही, बर्फात ठेवलेला. कडेवर दव धरतं आणि वासच येत नाही. लागरला चालेल, पण हेफेवायझन थोडी कोमट झाल्यावर सासूबाईंना शिकरण सापडलं.

---

काचेपलीकडचा

बरोबर आहे ताई. गिऱ्हाईक थंड ग्लासाशिवाय ऐकत नाही, विशेषतः एप्रिल-मेमध्ये. गव्हाच्या बियरचे ग्लास उद्यापासून फ्रीजबाहेर ठेवायला सांगतो.

---

म्हैसधारी

बियर पीत नाही, पण एक विचारायचंय. जवाचा जो चोथा निघतो त्याचं काय करता? माझ्या आठ म्हशी आहेत, बुधगावला. पेंडीचा भाव बघून डोळे पांढरे होतात.

---

दूधवाला

चांगला खुराक आहे. साखर निघून गेलेली असते, प्रथिनं आणि चोथा उरतो. पण ओला असतो, तीन-चतुर्थांशाच्या वर पाणीच. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी आंबतो, तिसऱ्या दिवशी बुरशी. आंबलेला घालू नका, दुधाला वास येतो आणि मग ते दूध माझ्याच प्लॅटफॉर्मवर येतं. सुरुवात थोड्यानं करा, नेहमीच्या वैरणीत मिसळून.

---

काचेपलीकडचा

आठवड्यातनं दोनदा निघतो, मंगळवार आणि शुक्रवार. सध्या एक जण नेतो पण दोन्ही वेळेला येत नाही. शुक्रवारचा तुम्ही न्या. झाकणाचे ड्रम तुमचे तुम्ही आणा, अकराच्या आत या, त्यानंतर मी टाकी धुवायला घेतो. मागच्या गेटनं. पुढून टेम्पो आणलात तर मालक ओरडतात.

---

म्हैसधारी

येतो. ड्रम किती लागतील?

---

काचेपलीकडचा

दोनशे लिटरचे दोन.